गाण्यातली मोकळी जागा

डोंगराच्या पोटाशी एक दाट जंगल होतं, आणि त्या जंगलातल्या ओढ्याच्या कपारीत शीळकरी कस्तूर नावाचा एक पक्षी राहत असे. रंगाने काळानिळा, अंगाने साळुंकीहून थोराड, आणि स्वभावाने इतका अबोल की शेजारच्या बेडकाला त्याने कधी "काय, बरं आहे ना?" एवढंही विचारलं नव्हतं. पण मुलांनो, पहाटे त्याने शीळ घातली की ओढ्याकाठी जो जिथे असेल तो तिथेच उभा राहायचा. खेकडा बिळात शिरता शिरता थांबायचा. साळिंदर तोंडातला कंद चघळायचं विसरून जायचं.

ही शीळ पूर्वी त्याच्या एकट्याची नव्हती. एक ओळ तो घालायचा, दुसरी त्याची जोडीदारीण घालायची; तो अलीकडच्या काठावर, ती पलीकडच्या. मग एका वर्षी मोठा पूर आला, आणि कपारीतलं घरटं वाचवता वाचवता ती वाहून गेली. मागे राहिलं एक पिल्लू, डोळेही न उघडलेलं. कस्तुराने पुढे बरेच दिवस चोच उघडली ती फक्त पिल्लाला भरवण्यासाठी. एका पहाटे ते पिल्लू पोट भरलेलं असूनही उगाचच रडायला लागलं. काही केल्या गप्प बसेना. तेव्हा त्याला उगी करायला कस्तुराने शीळ घातली. आपली ओळ संपली तसा तो थांबला. तिची ओळ जेवढा वेळ चालायची तेवढा वेळ नुसता पाण्याचा आवाज ऐकत बसला. मग आपली पुढची ओळ घातली, आणि पुन्हा थांबला. पिल्लू झोपी गेलं.

असं ते गाणं तयार झालं. त्यातल्या त्या थांबण्याला कस्तूर "तिची जागा" म्हणायचा. पिल्लू थोडं मोठं झालं तेव्हा त्याने विचारलं, "बाबा, तू मध्येच गप्प का बसतोस?" कस्तूर म्हणाला, "तिथे तुझी आई गायची." पिल्लाने आईला पाहिलं नव्हतं, तिचा आवाजही त्याला आठवत नव्हता. त्याला आई म्हणून जे काही मिळालं होतं ते एवढंच, गाण्यातली ती मोकळी जागा.

आता त्याच जंगलात मधोमध एक अवाढव्य उंबर होता. त्याच्याखालची जागा एका कोल्ह्याने बळकावली होती. बळकावली असं मी म्हणतो हं, तो म्हणायचा, "सांभाळली." शेपटीने जमीन झाडून लख्ख ठेवायचा, काटेकुटे उचलायचा आणि वाटेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायचा, "या, या! गाणाऱ्यांनी वर बसावं, ऐकणाऱ्यांनी खाली. फांदी फुकट, उंबरं फुकट. मला काही नको हो! चार जण जमले की माझं पोट भरतं!" कोल्ह्याचं पोट असं भरतं होय? पण फुकट म्हटलं की पुढचं ऐकायचं आपण विसरतो. पाखरंही विसरली.

कस्तुराला तिथे नेलं ते बुलबुलाने. बुलबूल म्हणजे बडबड्या, बारा गावचं पाणी प्यालेला. तो म्हणाला, "अरे दादा, इथे ओढ्यावर तुझं गाणं ऐकतं कोण? खेकडे! उंबरावर चल. सगळं जंगल लोटतं तिथे." कस्तूर आधी नको नको म्हणाला, पण गाणाऱ्याला ऐकणाऱ्याची भूक असतेच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तो गेला. कोल्ह्याने त्याला ओढ्याच्या बाजूची एक फांदी दिली, "बुवा, बुवा" म्हणून डोक्यावर घेतलं, आणि रोज पहाटे उंबराखाली ही गर्दी होऊ लागली. ओढ्यातलं म्हातारं कासवसुद्धा पहाटे ऐकायला मिळावं म्हणून आदल्या संध्याकाळीच निघायचं. गाणं थांबायचं तेव्हा ते डोळे मिटून घ्यायचं आणि पुढची ओळ सुरू झाली की उघडायचं. का, ते कुणी विचारलं नाही. कासवाला कोण काय विचारतं!

त्या जंगलातल्या पाखरांची एक रीत होती. दुसऱ्याचं गाणं शिकायला कुणालाही आडकाठी नव्हती. कुणी शिकायला आलं तर मोठी पाखरं आनंदाने शिकवत, चुकलं तर दुरुस्त करत. मात्र शिकणाऱ्याने ते गाणं गाण्याआधी, ज्याचं गाणं असेल त्याच्या फांदीच्या दिशेला तोंड करून चोच टेकवायची. तो जिवंत असो, मेलेला असो, दूर गेलेला असो, चोच टेकवायची आणि मगच गायचं. ही रीत कुणी बसवली कुणास ठाऊक. पण ती मोडलेली कुणी पाहिली नव्हती. त्यामुळे ती मोडता येते, हेच कुणाच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

उंबराला ढोल्या पुष्कळ. काही दिवसांनी त्या ढोल्यांतून दुसऱ्या जंगलातून आलेल्या पोपटाच्या पोरांची डोकी दिसायला लागली. गाणं चालू असलं की माना वाकड्या करून ऐकायची आणि हळू आवाजात घोकायची. कस्तुराला वाटलं, शिकतायत बिचारी. एकदा एका पोपटाने त्याची दुसरी ओळ वरच्या सुरात नेली, तर हा आपणहून ढोलीपाशी गेला आणि म्हणाला, "असं नाही बाळा. इथे सूर खाली येतो. पाणी दगडावरून उतरतं ना, तसा." पोपटाने मान डोलावली. कस्तुराने त्याच्याकडून ती ओळ पुन्हा पुन्हा घोटून घेतली आणि खूश होऊन घरी आला. एकदा नव्हे, सगळा हिवाळा तो असा जात होता. अबोल प्राणी तो, पण पोपटाशी पोटभर बोलला. आपल्यामागे आपलं गाणं कुणीतरी गाईल, या विचाराने त्याला बरं वाटायचं.

मग एके दिवशी काय झालं ते ऐका.

पिल्लू आता चांगलं उडायला लागलं होतं. पहाटेचं गाणं उरकल्यावर ते एकटंच उंबरं खायला गेलं होतं, आणि कस्तूर ओढ्यात खेकडे टिपत होता. इतक्यात पिल्लू वेड्यासारखं उडत आलं. दोनदा दगडावर आपटलं, तरी थांबलं नाही. लांबूनच ओरडलं, "बाबा! बाबा, आई आली!"

कस्तुराच्या चोचीतला खेकडा पाण्यात पडला.

"उंबराच्या ढोलीत आहे आई! तिथून तुझी शीळ आली, आणि तू थांबतोस ना, तिथे ती बोलली! मी स्वतः ऐकलं, बाबा. तुझ्या ओळीला तिने उत्तर दिलं. चल ना, चल लवकर!"

ती पुरात गेली हे कस्तुराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी सांगतो मुलांनो, उंबरापर्यंत तो पिल्लालाही मागे टाकत उडाला. पाहिलेलंही कधी खोटं ठरावं असं कुणाला वाटत नाही?

ढोलीपाशी पोचला तर आत तोच पोपट, ज्याच्याकडून त्याने ओळ घोटून घेतली होती. डोळे अर्धवट मिटून तो कस्तुराची शीळ गात होता. सूर अगदी जिथल्या तिथे, कुठे बोट ठेवायला जागा नाही. आणि ओळ संपून थांबण्याची वेळ आली, तशी त्याने एक लांबलचक, गोड, गिरकी घेतलेली तान मारली आणि थेट पुढच्या ओळीवर उतरला.

"हे काय गातोस?" कस्तुराने विचारलं.

"पहाटेचं गाणं, बुवा!" पोपट खुशीत म्हणाला. "छान बसलंय ना? मधे मधे फार उघडं पडायचं. तिथे आम्ही बुलबुलाच्या गाण्यातला एक तुकडा घातला आणि दयाळ पक्ष्याची एक गिरकी जोडली. आता कुठे फट राहिली नाही."

"गाण्याआधी चोच कुणाकडे टेकवलीस?"

"चोच?" पोपटाने खरोखरच गोंधळून विचारलं. "ती कशाला टेकवायची?"

"अरे, हे गाणं कुणाचं आहे?"

"कुणाचंच नाही, बुवा. आमच्या पोटात इतकी गाणी गेली आहेत की कुठलं कुठून आलं ते आमचं आम्हालाही सांगता यायचं नाही. आणि आता वेळही नाही हो. पलीकडच्या जंगलात वाघाच्या दरबारी गायला जायचंय. कोल्होबांनी सगळ्यांना तयार केलंय."

पोपट खोटं बोलत नव्हता, आणि म्हणूनच कस्तुराला त्याच्यावर रागावता येईना. बाजूच्या फांदीवर पिल्लू बसलं होतं. त्याने हळूच विचारलं, "म्हणजे ती आई नव्हती?"

"नाही बाळा."

पिल्लू अंग फुगवून, मान आत घेऊन बसून राहिलं. कस्तुराने त्याला पंखाखाली घ्यायला पाहिलं तर ते बाजूला सरकलं.

कस्तूर तडक खाली उतरला. कोल्हा उन्हात पसरला होता, समोर वाघाकडून गाण्याची आगाऊ बिदागी म्हणून आलेली हरणाची मांडी होती, आणि तिचा समाचार घेऊन झालेला होता.

"कोल्होबा, हे पोपट माझं गाणं गातात."

"गातात की!" कोल्हा ओठ चाटत म्हणाला. "तुमचं नाव झालं, बुवा. तुम्ही या फांदीवरून त्या फांदीवर. तुमचं गाणं बघा, वाघाच्या दरबारी चाललं!"

"माझं नाव कुठे झालं? त्या पोपटाला माझं नाव माहीतही नाही. त्याने चोच टेकवली नाही. आणि त्यातली जागा त्याने भरून टाकली. ती जागा माझ्या जोडीदारणीची आहे. तिथे कुणी गायचं नाही."

"हां, ते होय!" कोल्हा उठून बसला. त्याने चेहरा असा केला की जणू घरचंच कुणी गेलं आहे. "मग आधी सांगायचं नाही का, बुवा? मी तर दवंडी दिली होती. ज्याला आपलं गाणं पोपटांनी शिकायला नको असेल, त्याने आपल्या फांदीच्या बुडाशी पळसाचं पान खोचावं. पान दिसलं की आमची पोरं त्या फांदीखाली कान बंद करतात. देवाशपथ!"

"कधी दिली होती दवंडी?"

"भर दुपारी. मोठ्याने."

भर दुपारी, म्हणजे सगळं जंगल झोपलेलं असतं तेव्हा! कस्तुराने विचारलं, "आणि जे आधीच शिकून झालं आहे ते?"

"ते कसं काढणार, बुवा?" कोल्ह्याने दोन्ही पंजे वर केले. "पोपटाचं डोकं म्हणजे काय मडकं आहे, उपडं करून रिकामं करायला?"

कस्तूर पळसाचं पान घेऊन आला आणि आपल्या फांदीच्या बुडाशी त्याने ते खोचलं. संध्याकाळी वाऱ्याने ते पडलं. सकाळी त्याने दुसरं खोचलं, ते माकडाने ओढून नेलं. तिसरं टिकलं, तर पोपट बुलबुलाच्या फांदीखाली बसून कस्तुराचं गाणं ऐकायला लागले. बुलबुलाच्या फांदीवर कुठे पान होतं? कोल्ह्याने कस्तुराच्या तोंडाला पानं पुसली म्हणतात ती अशी. आणि ढोलीतून दिवसभर तेच गाणं चालायचं, तिच्या जागेवर तान मारत. खाली बसलेली मंडळी माना डोलवायची. एक ससा तर म्हणालाही, "पोपटाचं जास्त गोड वाटतं बुवा. मधे थांबत नाही."

त्या दिवशी कस्तुराने ठरवलं.

बुलबुलाला कळलं तेव्हा तो तावातावाने आला. "दादा, डोकं ठिकाणावर आहे का? इतके ऐकणारे सोडून जाणार? माझंही गाणं नेलं त्यांनी. मी गेलो का? चोच टेकवली नाही तर नाही टेकवली. आपण आपलं गात राहायचं!"

"तुला वाईट वाटलं नाही?"

बुलबुलाने शेपटी खाली घेतली. मग म्हणाला, "वाटलं रे. पण मी दुसरीकडे कुठे जाऊ? मला ऐकायला कुणी नसलं तर मी मरेन, दादा." हे तो इतकं खरं बोलला की कस्तुराने त्याच्या पंखाला पंख लावला आणि त्याला पुढे काही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे कस्तूर आपल्या फांदीवर आला आणि गाण्याऐवजी बोलला. बोलण्याची त्याला सवय नव्हती. शब्द अडकत होते. "हे गाणं मी माझ्या पिल्लाला उगी करायला केलं. यात जिथे मी थांबतो तिथे त्याची आई गायची. ती पुरात गेली. ती जागा मोकळी आहे, ती मोकळीच राहू द्या. एवढंच सांगायचं होतं. मी आता इथे गाणार नाही."

खाली कुजबुज झाली. कुणी म्हणालं, "अरेरे." कुणी म्हणालं, "फारच मनाला लावून घेतलं याने." कोल्हा पुढे होऊन गोड आवाजात म्हणाला, "बुवा, रागावू नका. सर्वांत वरची फांदी देतो. आणि जाल तरी गाणं काही इथून जायचं नाही, नाही का?"

"नाही," कस्तूर म्हणाला. "ते इथेच राहील. मला माहीत आहे. पुढचं गाणं मात्र इथे होणार नाही."

निघताना वाटेत कासव भेटलं. "कुठे चाललास?" त्याने विचारलं.

"धबधब्याच्या वर, आजोबा. तिथे कुणी नाही."

"मला येववेल का तिथवर?"

कस्तुराने कासवाच्या आखूड पायांकडे पाहिलं. खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं. "नाही येववणार, आजोबा," तो म्हणाला आणि पिल्लाला घेऊन उडाला.

धबधब्याच्या वर नुसते काळे कातळ, गवत आणि गार वारा. उंबर नाही, गर्दी नाही, "वा बुवा" नाही. कस्तुराने एका सपाट दगडावर बसून पहाटे शीळ घातली, तर ती समोरच्या कड्यावर आपटून तशीच परत आली. काही दिवस गायला, मग गाणंही कमी झालं. कधी कधी वाऱ्याबरोबर खालून पोपटांचा आवाज यायचा, आपलंच गाणं, तानेसकट. मग तो मान पंखात घालून बसायचा. आपण चुकलो का, असं त्याच्या मनात पुन्हा पुन्हा यायचं. इतक्या जणांना सोडून आलो, कशासाठी? आणि गाणं तर सुटलंच नाही.

पण या सगळ्याहून मोठं दुःख वेगळंच होतं. पिल्लू आता स्वतः शीळ घालायला लागलं होतं. गाणं तेच, बापाचं. पण थांबायची जागा आली की ते पोपटाची तान घ्यायचं. गिरकीसकट.

कस्तुराने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो त्याच्याजवळ जाऊन बसला. "बाळा, तिथे थांबायचं असतं," तो म्हणाला.

"मला नाही थांबायचं," पिल्लू फणकारलं. "तू थांबतोस तेव्हा तिथे कुणीच नसतं. त्या पोपटाने गायलं तेव्हा निदान मला वाटलं तरी की आई आहे. तेवढा वेळ ती होती. आणि तू म्हणालास, नाही."

यावर बाप काय बोलणार? पोपटावर ओरडता आलं असतं, कोल्ह्याशी भांडता आलं असतं. पोटच्या पोराला "तुझं बरं वाटणं खोटं आहे" असं कोणत्या तोंडाने सांगायचं? गाणं सोडून आल्याचं कस्तुराला इतकं लागलं नव्हतं, जितकं हे लागलं.

उन्हाळा गेला, पाऊस येऊन गेला. गवत पिवळं पडायला लागलं होतं. एका संध्याकाळी कातळाखाली खरखर झाली. कस्तुराने वाकून पाहिलं, तर कासव! पाठीला ओरखडे पडलेले, एका पायाचं नख गेलेलं, आणि तोंडाने धापा टाकत चढ चढत होतं.

"आजोबा! तुम्ही इथे?"

"येववत नाही म्हणालास," कासव धापा टाकत म्हणालं, "पण वेळ किती लागेल ते नाही म्हणालास."

कस्तुराने त्याला पाणी दाखवलं, मऊ शेवाळ आणून दिलं. दम खाऊन झाल्यावर कासवाने उंबराची खबर सांगितली. गर्दी आहे तशीच आहे. गाणं रोज होतं. बुलबूल आहे, पण त्याचं गाणंसुद्धा पोपटच त्याच्या आधी गाऊन मोकळे होतात. लोकांना कळतही नाही कोण गातंय ते.

"मग तुम्ही एवढ्या लांब का आलात?" पिल्लाने विचारलं. "तिथे तर अजून गोड गातात."

"गातात खरं," कासव म्हणालं. "पण तिथे ते गाणं थांबत नाही. माझी म्हातारी गेली त्याला पुष्कळ वर्षं झाली, बाळा. आम्हा कासवांना गाता येत नाही, रडताही येत नाही धड. तुझा बाबा गाता गाता थांबायचा ना, तेवढ्या वेळात मी डोळे मिटायचो आणि ती मला दिसायची. वाळूत अंडी पुरताना, मान वर करून माझ्याकडे बघताना. तेवढ्याचसाठी मी रात्र-रात्र चालत उंबराशी जायचो. आता तिथे डोळे मिटले की तो पोपट तान मारतो. माझी म्हातारी यायची जागाच उरली नाही."

पिल्लू कासवाजवळ सरकलं. मग म्हणालं, "तिथे माझी आई असते ना? तुमची आजी कशी येईल?"

"ते मला काय ठाऊक!" कासव म्हणालं. "मोकळी दिसली म्हणून मी बसायचो. तुझ्या आईने कधी ऊठ म्हटलं नाही."

कस्तुराच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटत होतं, ती जागा आपली आणि पिल्लाची, एवढ्या दोघांचीच. गर्दीतल्या कुणाकुणाचं काय काय तिथे येऊन बसत होतं, ते त्याला कधी कळलंच नव्हतं. त्या रात्री कासव कातळाला टेकून झोपलं. पिल्लू बराच वेळ जागं होतं.

पहाटे कस्तूर आपल्या दगडावर गेला. शीळ घालायला चोच उघडणार, इतक्यात त्याने पाहिलं की पिल्लू समोरच्या कातळावर येऊन बसलं आहे. धबधब्याचं पाणी दोघांच्या मधून वाहत होतं; तो अलीकडच्या काठावर, ते पलीकडच्या. पिल्लाने त्याच्या दगडाकडे तोंड केलं आणि मान खाली घालून चोच कातळावर टेकवली.

मग त्याने गायला सुरुवात केली. आवाज अजून कच्चा होता, एक-दोन सूर घसरलेही. बापाची ओळ त्याने शेवटपर्यंत नेली, सूर खाली उतरवला, पाणी दगडावरून उतरतं तसा. आणि जागा आली.

कस्तूर दगडाच्या कडेपर्यंत पुढे सरकला.

पिल्लू थांबलं. त्याची मान तानेसाठी जराशी वर गेली होती, ती त्याने सावकाश खाली आणली. कड्यावर वारा होता, पाणी पडत होतं. कासवाने डोळे मिटून घेतले. पिल्लानेही मिटले. बराच वेळ तिघांपैकी कुणी काही आवाज केला नाही.

मग पिल्लाने डोळे उघडले, बापाकडे पाहिलं आणि पुढची ओळ घातली.

तात्पर्य : मुलांनो, दुसऱ्याचं गाणं जरूर गा, पण ते ज्याचं आहे त्याच्याकडे आधी चोच टेकवा, आणि ज्या झाडावर ही रीत राहिली नसेल, ते झाड कितीही फळांनी लगडलेलं असलं तरी तिथून उठून जायला कचरू नका, तुमचं गाणं तिथे अडकून पडलं तरीही.